मेजर मांटचे कच्चे आराखडे

कोल्हापुरात सीपीआरच्या दारात उभं राहिलं की समोर टाऊन हॉल दिसतो. टोकदार कमानी, वर निमुळते होत गेलेले मनोरे, काळा दगड. विलायतेतलं एखादं चर्च उचलून आणावं आणि आपल्या बागेत ठेवून द्यावं, तसा. तिथून भाऊसिंगजी रोडने कसबा बावड्याच्या बाजूला निघालात की थोड्या वेळात न्यू पॅलेस येतो. दगड तोच, काळा. पण इथे घुमट आहेत, छत्र्या आहेत, कोरीव कमानी आहेत, मधोमध घड्याळाचा मनोरा आहे. या दोन्ही इमारतींचे आराखडे एकाच माणसाचे आहेत हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं नाही. टाऊन हॉलचं काम चाललं १८७२ ते १८७६, आणि पॅलेसचं सुरू झालं १८७७ मध्ये.

म्हणजे मध्ये जेमतेम एक वर्ष.

त्या माणसाचं नाव चार्ल्स मांट. रॉयल इंजिनिअर्सचा मेजर. विशीत हिंदुस्थानात आला, सुरतेला हायस्कूलची इमारत केली, कोल्हापुरात एकामागून एक कामं घेतली आणि चाळिशीच्या सुमारास, १८८१ मध्ये गेला. सीपीआर म्हणजे जुनं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, तेही त्याच्याच नकाशावरून बांधलेलं. आपण रोज रिक्षातून ज्याच्या इमारतींसमोरून जातो त्याचं नाव शहरात किती जणांना माहीत आहे, हे एकदा विचारून बघा.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे कोड लिहिण्याआधी डिझाइनचा मसुदा लिहितात आणि टीमला पाठवतात. मग समासात कमेंट येतात. कुणी म्हणतं हे फार महाग पडेल, कुणी म्हणतं हे कशाला हवंय, आणि क्वचित एखादा असं काही विचारतो की सगळा मसुदा फाडून नव्याने लिहावा लागतो. त्यामुळे जुनी इमारत बघितली की मला आधी एकच प्रश्न पडतो, हिच्या पहिल्या मसुद्यावर कोण काय बोललं असेल? मांटच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर बरंचसं सापडतं. आणि ते गमतीचं कमी, वाईट वाटायला लावणारं जास्त आहे.

आधी टाऊन हॉल. मांटच्या उमेदवारीच्या काळात इंग्लंडात गॉथिकचा जोर होता, मध्ययुगीन चर्चसारखं बांधकाम. मुंबईत तेच चाललं होतं. हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर ही सगळी त्याच काळातली कामं. तेव्हा कोल्हापूरला सार्वजनिक सभागृह हवं म्हटल्यावर तरुण इंजिनिअरने हाताशी असलेला नमुना उचलला. नवीन प्रोजेक्ट सुरू करताना आम्हीही मागच्या प्रोजेक्टची टेम्पलेट उचलतोच. इमारत म्हणून टाऊन हॉल देखणा आहे. पण तो कोल्हापूरकडे बघून काढलेला नाही. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर अंबाबाईचं देऊळ आहे, त्याच काळ्या दगडातलं, तारकेसारख्या कोनाकोनांच्या भिंतींचं. इथल्या दगडाचं काय होऊ शकतं ते तिथे कित्येक शतकं उभं होतं. टाऊन हॉलमध्ये त्याचा मागमूस नाही.

आता आराखड्यावर मत द्यायला त्या काळी कोण होतं? संस्थानात खर्चाचा प्रत्येक मोठा कागद पोलिटिकल एजंटच्या नजरेखालून जायचा. नकाशा आणि अंदाजपत्रक एकत्र वर जायचं. खाली यायचे ते शेरे मुख्यतः पैशाचे. पण १८७० च्या आसपास दुसराच एक वाद पेटला, आणि तो होता दिसण्याचा. त्या वर्षी मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड नेपियर याने एक व्याख्यान दिलं आणि सरकारने देशी, विशेषतः मुसलमानी बांधकामपद्धतीकडून शिकावं असं सुचवलं. १८७३ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये रॉजर स्मिथ नावाच्या वास्तुविशारदाने नेमकी उलट बाजू मांडली. राज्य इंग्रजांचं, तर इमारतीही त्यांच्याच वळणाच्या हव्यात. त्याच बैठकीत विल्यम इमर्सन उठला. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट ज्याचं, तोच हा. त्याचं म्हणणं असं, की मुसलमान राज्यकर्ते या देशात आले तेव्हा त्यांनी इथली कला आपल्यात घोळवून घेतली, तसं इंग्रजांनी करावं.

हा सगळा वाद गोऱ्यांचा गोऱ्यांशी, हे ध्यानात ठेवा. प्रश्न होता इथल्या इमारतींचा, आणि त्या खोलीत मत विचारलं जात होतं ते तिथल्याच लोकांना.

याच वेळी कोल्हापूरच्या एका मृत्यूने मांटला वेगळंच काम दिलं. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडला गेले. वय अवघं वीस. त्यांनी प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत लिहिली होती, ती १८७२ मध्ये छापलीही गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला ते वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहन झालं. पुढे त्याच जागी स्मारक करायचं ठरलं. अर्धपुतळा केला फुलर या शिल्पकाराने आणि वरची छत्री काढली मांटने. १८७४ मध्ये ती उभी राहिली.

ही छत्री मला महत्त्वाची वाटते. छत्री हा आपला जुना प्रकार, चार खांब आणि वर घुमट. एकदम छोटा घाट. इटलीतल्या बागेत गॉथिक काहीतरी ठेवण्यात अर्थच नव्हता, ते तर तिथे ढिगाने होतं. तिथे हा माणूस कुठला हे सांगणारं काहीतरी हवं होतं. म्हणजे कोल्हापुरात टाऊन हॉलवर विलायती मनोरे चढत असताना त्याच्या टेबलावर इटलीसाठी देशी घुमट निघत होता. दोन्ही एकाच वेळी. मोठ्या कामाआधी आम्ही लहानसा प्रोटोटाइप करतो, तसाच हा, फक्त सहा हजार किलोमीटरवर. (फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला आजही ‘इंडियानो’ म्हणतात. जवळ १९७८ मध्ये झालेल्या पुलालाही तेच नाव पडलं.)

आणि आणखी एक गोष्ट. राजाराम महाराज जगते तर कोल्हापूरच्या गादीवर असा माणूस असता ज्याने लंडनही बघितलं होतं आणि अंबाबाईचं देऊळही. वास्तुविशारदाला समोर बसवून ‘हे नको, ते कर’ असं त्याच्याच भाषेत सांगू शकणारा. तो गेला.

मग अजमेर. लॉर्ड मेयोने १८७० मध्ये राजपुत्रांसाठी कॉलेजची कल्पना मांडली. १८७२ मध्ये अंदमानात त्याचा खून झाला, पण कल्पना राहिली. त्या इमारतीच्या आराखड्याचं जे झालं ते वाचताना आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा आठवतात. एक नमुना निघाला, नापसंत. दुसरा निघाला. ग्रीक धाटणीचाही एक झाला. वरचे साहेब बदलले की आवड बदलायची. विद्यार्थी आले, १८७५ मध्ये वर्गही सुरू झाले, मुख्य इमारतीचं काय ते ठरलंच नव्हतं! शेवटी काम मांटकडे आलं, आणि या वेळी हुकूम होता देशी दिसण्याचा. त्याने घुमट, छत्र्या, घड्याळाचा मनोरा असं सगळं एकत्र केलं. पायाभरणी १८७८ मध्ये, आणि काम पूर्ण १८८५ मध्ये.

न्यू पॅलेस याच सगळ्या शेऱ्यांमधून निघाला आहे. गुजरात-राजस्थानातली जैन आणि हिंदू वळणं, राजवाड्यांच्या छत्र्या, इथला काळा दगड, आणि मधोमध पक्का विलायती घड्याळाचा मनोरा. दरबार हॉलमध्ये रंगीत काचा. काचांवर चित्रं काढायची रीत युरोपातल्या चर्चची, पण चित्रं शिवाजी महाराजांच्या आयुष्यातली. टाऊन हॉलमध्ये मांटने आणलेला नमुना जसाच्या तसा ठेवला होता. इथे त्याने तो मोडून परत जुळवला. मला स्वतःला हा पॅलेस जरा गर्दीचा वाटतो, प्रत्येकाची सूचना मान्य करून झालेल्या डिझाइनसारखा. पण दरबार हॉलमध्ये दुपारचं ऊन काचांतून खाली उतरतं तेव्हा हे मत थोडा वेळ बाजूला ठेवावं लागतं.

एका माणसाचं मत मात्र या आराखड्यात कुठेच नाही. त्यात राहणाऱ्याचं.

राजाराम महाराजांनंतर दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज, तेव्हा लहान मूल. पॅलेसचं काम सुरू झालं तेव्हा ते किशोरवयात होते. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. आणि याच वर्षांत बातम्या येऊ लागल्या की महाराजांचं मन ठिकाणावर नाही. खरंच आजारी आहेत, की वेडे ठरवून त्यांचा छळ चाललाय? ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध लिहिलं. आधाराला घेतलेली पत्रं बनावट ठरली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला केला, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आपण शाळेत हे ‘डोंगरीचे १०१ दिवस’ म्हणून शिकतो. ज्याच्यासाठी ते घडलं, त्या तरुण राजाचं पुढे काय झालं, यावर धडा नसतो. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. तिथे ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झटापट झाली, आणि २५ डिसेंबर १८८३ ला ते वारले. वय वीस.

पॅलेस पूर्ण झाला १८८४ मध्ये. खर्च सात लाखांच्या घरात.

मांटनेही तो पूर्ण झालेला बघितला नाही. सत्तरीच्या दशकात त्याचं नाव इतकं झालं की मोठ्या राजघराण्यांची बोलावणी एकदमच आली. कोल्हापूर होतंच. बडोद्याला तरुण सयाजीरावांसाठी लक्ष्मीविलास. शिवाय दरभंगा आणि कूचबिहारसाठीही राजवाड्यांचे आराखडे. पश्चिमेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पसरलेली कामं, आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच डोकं. वास्तूंच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या शेवटाबद्दल जे सांगितलं जातं ते असं : त्याच्या मनाने घेतलं की आपली गणितं चुकली आहेत आणि आपल्या इमारती कोसळणार. या भीतीतच त्याचं मन ढळलं, आणि १८८१ मध्ये तो गेला.

‘वेडा झाला’ असं लिहून पुढे जाणं सोपं आहे. पण त्या भीतीकडे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू.

दगडी कमान कशी उभी राहते? एखादी साखळी दोन टोकांना धरून सैल सोडा. ती एका वक्रात लोंबते. तोच वक्र उलटा केला की कमानीतून वजन कुठल्या वाटेने खाली उतरतं ती रेषा मिळते. रॉबर्ट हूकने हे सतराव्या शतकातच ओळखलं होतं. ही रेषा दगडाच्या जाडीच्या आत राहिली की कमान उभी. बाहेर गेली की सांधा उघडतो आणि कमान बसते. दगड चुरडण्याचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. आपल्या काळ्या दगडाचा सरळ खांब रचत गेलात तर स्वतःच्याच वजनाने तळाचा दगड चुरडायला उंची एक किलोमीटरच्याही पुढे न्यावी लागेल. म्हणून दगडी इमारतीत खरा हिशेब ताकदीचा नसून आकाराचा असतो, आणि आकार लहान मोठा केला तरी तोच राहतो. हातभर उंचीची नमुना-कमान नीट उभी राहत असेल तर त्याच प्रमाणातली मोठी कमानही राहते. शतकानुशतकं पाथरवट आणि गवंडी कागदावरच्या गणिताशिवाय देवळं आणि घुमट बांधत आले, ते याच बळावर. त्यांच्याकडे ओळंबा होता, गुण्या होता, आणि आधी उभ्या राहिलेल्या इमारतींची आठवण होती. पायाखालची जमीन मात्र दगा देऊ शकते, तो धोका खरा.

म्हणजे मांटच्या भीतीला उत्तर होतं. ते त्याच्या ऑफिसात नव्हतं, कामावर छिन्नी चालवणाऱ्या माणसांपाशी होतं. पण मेजरसाहेबाने पाथरवटाला ‘बाबा रे, हे पडेल का?’ असं विचारायचं, ही त्या काळात शक्यच नसलेली गोष्ट. शैलीवर बोलायला व्हाइसरॉयपासून लंडनच्या सभेपर्यंत सगळे तयार होते. घुमट गोल हवा की कांद्यासारखा, यावर मतं द्यायला कुणाची कमी नव्हती. हा घुमट उभा राहील का, या प्रश्नावर तो एकटा होता.

त्यात दगडाचं काम म्हणजे उत्तर वर्षानुवर्षं न मिळणं. आम्ही चुकीचं काही चढवलं तर पाच मिनिटांत जुनी आवृत्ती परत आणतो. कमानीखालचा लाकडी आधार काढेपर्यंत ती कमान आहे की नाही हे कळत नाही, आणि तो काढायचा दिवस नकाशा काढल्यानंतर चार-पाच वर्षांनी येतो. तोपर्यंत त्याच नकाशाची भावंडं हजार किलोमीटर दूर दुसरीकडे रचली जात असतात. रात्री दोनला फोन वाजेल या धास्तीने न झोपणारे लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि आमचं तर काही कुणाच्या डोक्यावर पडत नाही.

त्याच्यामागे बडोद्याचं काम रॉबर्ट चिझमने हाती घेतलं. हा मद्रासचा. वर ज्या लॉर्ड नेपियरचं नाव आलं त्याच्या हाताखाली देशी धाटणीच्या इमारती केलेला. चिझमने बडोद्याच्या कॉलेजचा घुमट बांधायला घेतला तेव्हा नमुना घेतला विजापूरच्या गोलघुमटाचा, सतराव्या शतकातल्या, अडीचशे वर्षांच्या पावसाळ्यांत टिकलेल्या बांधकामाचा. कागदावर विश्वास बसत नसेल तर उभ्या असलेल्या इमारतीला विचारायचं. विजापूर कोल्हापूरहून काही फार लांब नाही. लक्ष्मीविलास १८९० मध्ये पूर्ण झाला आणि आजही उभा आहे. न्यू पॅलेस उभा आहे. मेयो कॉलेज उभं आहे. टाऊन हॉलमध्ये आता म्युझियम आहे, ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला ग्रीक समुद्रदेवाचा ब्राँझचा पुतळा तिथेच बघायला मिळतो. सीपीआरच्या ओपीडीत आजही रांग असते.

एका वाड्याचा नकाशा काढणारा १८८१ मध्ये गेला, ज्याच्यासाठी तो काढला तो १८८३ मध्ये. दोघांच्याही नावापुढे ‘वेड’ हा शब्द लागला, आणि दोघांनाही तसं म्हणणारी माणसं कागदांवर सह्या करणारी होती. १८८४ च्या मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा दत्तक आला आणि हा तयार वाडा त्याच्या वाट्याला आला. ते शाहू महाराज.

शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले. रोममध्ये त्यांनी कलोसियमचं प्राचीन मैदान बघितलं, आणि परत आल्यावर जे केलं त्याची तुलना मला मांटच्या टाऊन हॉलशी कराविशी वाटते. दोन्हीकडे नमुना युरोपचा. पण खासबागेत कलोसियमच्या कमानींची नक्कल नाही. घेतली ती फक्त कल्पना : मध्ये झुंज, भोवती गोलाकार लोक, आणि शेवटच्या माणसालाही सगळं दिसलं पाहिजे. बाकी सगळं कुस्तीवाल्यांचं. लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेला मातीचा उतार, आणि त्यावर मांडी घालून बसलेले हजारो लोक. मध्ये एक खांब नाही. १९१२ मध्ये हे मैदान झालं. ते बांधायला सांगणारा माणूस स्वतः कुस्ती खेळलेला होता, तालमीत उठबस असलेला होता. वापरणाऱ्याला वेगळं विचारायची गरजच नव्हती, आराखड्यासमोर तोच बसला होता.

त्याच मैदानाला लागून त्यांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, ज्याला पुढे केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. इथेही आत खांब नाही, कुठूनही रंगमंच दिसतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत गेलं. छत खाली आलं, रंगमंच जळाला. समोरच्या दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यानंतर पुन्हा बांधायचं म्हटल्यावर शहरात प्रत्येकाला मत होतं. आधी होतं तसंच हवं, हे तर सगळेच म्हणत होते. पण नाटकवाल्यांना आवाज कसा पोचतो याची काळजी होती, पडद्यामागच्यांना रंगपटाची, खासबागेच्या बाजूने येणाऱ्यांना त्या बाजूच्या व्यासपीठाची. रंकाळ्यावर भेळ खाताना अनोळखी माणसंसुद्धा छताच्या लाकडावर वाद घालताना मी ऐकली आहेत. नुसत्या प्रेक्षकांची यादी निराळीच होती : पंखे, खुर्च्या, आणि स्वच्छतागृहं आधी.